खाडाखोडीचा हक्क

खरे गाणे मैफलीत असते आणि तबकडीवर उरते ती त्याची सावली, ही समजूत आपल्याकडे संगीतावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांमध्ये फार खोलवर रुजलेली आहे. मीही ती वर्षानुवर्षे वर्गात बिनदिक्कत मांडत आलो. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना मौखिक परंपरा आणि लिखित संहिता यांतला फरक समजावून सांगताना हा दाखला फार सोयीचा पडतो. कीर्तनातला अभंग आणि गाथेतला अभंग यांत जे अंतर, तेच मैफल आणि ध्वनिमुद्रिका यांत, असे सांगितले की विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेतात, परीक्षेत तसेच लिहितात आणि आपण गुण देऊन मोकळे होतो. काही दिवसांपूर्वी मात्र, मी केसरबाई केरकरांच्या गायकीचे वर्णन करीत असता, मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही केसरबाईंना समोर बसून ऐकलंय का?" ऐकणे शक्यच नव्हते. केसरबाई १९७७ साली गेल्या आणि माझा जन्म त्यानंतरचा. "मग सावलीवरून तुम्ही माणसाची उंची सांगताय," ती म्हणाली. वर्ग हसला. मीही हसलो, पण तास संपल्यावर ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले.

या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार एक दुसरी तबकडी आठवते. १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका बसवली. कार्ल सेगन यांच्या समितीने निवडलेल्या सत्तावीस संगीतरचना तिच्यावर आहेत. भारताच्या वाट्याला त्यांतली एकच जागा आली, ती केसरबाईंच्या भैरवीची. अवधी जेमतेम साडेतीन मिनिटांचा. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली आणि शोधाशोध केल्यावर तिच्या प्रती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडल्या. (आपल्या वारशाचा पत्ता आपल्याला बहुधा असाच लागतो.) त्याच तबकडीवर, केसरबाईंच्या थोडेसे आधी, बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या दुसऱ्या भागातला पहिला प्रिल्यूड आणि फ्यूग आहे. वाजवणारा कॅनडातला पियानोवादक ग्लेन गूल्ड. मैफलीची सम्राज्ञी आणि मैफलीकडे जाणीवपूर्वक पाठ फिरवलेला वादक असे दोघे एकाच तबकडीवर सूर्यमालेबाहेर निघाले आहेत. समितीने हा योग मुद्दाम जुळवलेला नव्हता, पण माझ्यापुरता तो अर्थपूर्ण आहे. मैफल आणि ध्वनिमुद्रण यांच्या नात्याविषयीची आपली ढोबळ समजूत गूल्डच्या उदाहरणाने जितकी हलते, तितकी दुसऱ्या कशानेच हलत नाही.

गूल्डचा जन्म १९३२ सालचा, टोरांटोचा. १९५५च्या जूनमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीसाठी बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ध्वनिमुद्रित केल्या. पुढल्या वर्षी ती तबकडी बाजारात आली आणि तो एकदम जगप्रसिद्ध झाला. भर उन्हाळ्यात ओव्हरकोट-मफलर घालून येणारा, वडिलांनी करून दिलेल्या बुटक्या खुर्चीवर जवळजवळ जमिनीलगत बसून वाजवणारा, वाजवताना मोठ्याने गुणगुणणारा हा तरुण वृत्तपत्रांना आवडणे स्वाभाविक होते. नवल त्यापुढे आहे. १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याने एक कार्यक्रम केला आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे १९८२पर्यंत, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे तो पुन्हा बसला नाही. तेव्हा त्याचे वय होते एकतीस. आपल्याकडे या वयाच्या गवयाला अजून 'उदयोन्मुख' म्हणतात.

लोकांनी याची कारणे त्याच्या विक्षिप्तपणात शोधली आणि तो विक्षिप्त होताही. पण स्वतः गूल्डने जी कारणे दिली, ती विचारपूर्वक दिलेली आहेत. कार्यक्रमाला आलेला समूह त्याला रोमन आखाड्याभोवती जमलेल्या गर्दीसारखा वाटे. वादक कुठे घसरतो याची या गर्दीला आतून उत्कंठा असते, असे त्याचे म्हणणे. १९६२ साली त्याने टाळ्यांवर बंदी घाला, असा अर्धा विनोदी, अर्धा गंभीर लेखच लिहिला. परंतु त्याचा खरा आक्षेप श्रोत्यांवर नव्हता. सभागृहात वाजवलेला स्वर मागे घेता येत नाही, यावर होता. १९६६ साली ध्वनिमुद्रणाच्या भवितव्यावर लिहिलेल्या दीर्घ निबंधात त्याने तो सविस्तर मांडला आहे आणि त्यातली एक हकीकत साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाने जाणून घ्यावी अशी आहे.

'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या पहिल्या भागातला ए मायनर फ्यूग तो ध्वनिमुद्रित करत होता. फ्यूग म्हणजे एकच सूत्र घेऊन एकामागून एक आवाज प्रवेश करतात आणि पुढे परस्परांत गुंफले जातात अशी रचना. या फ्यूगच्या अनेक आवृत्त्या वाजवून झाल्या. त्यांतल्या दोन, सहावी आणि आठवी, निर्दोष ठरल्या. काही आठवड्यांनी संपादनाच्या खोलीत बसून ऐकताना लक्षात आले की दोन्ही निर्दोष आहेत आणि दोन्ही कंटाळवाण्या आहेत. सहावीत सूत्र जोडून, गंभीरपणे, काहीसे भारदस्त वाजवले होते. आठवीत तेच तोडून, उड्या मारत, नको इतके उल्हसित. योगायोगाने दोन्हींची लय जवळजवळ सारखी होती. तेव्हा आरंभीचा आणि शेवटचा भाग सहाव्या आवृत्तीतून आणि मधला भाग आठव्या आवृत्तीतून घेऊन ध्वनिफीत जोडण्यात आली. जो फ्यूग आज आपण ऐकतो, तो त्या रूपात गूल्डने सलग कधीच वाजवलेला नाही. तो सुचला वाजवून झाल्यावर, कानांना आणि ध्वनिफीत कापणाऱ्या पात्याला.

ही गोष्ट मी संगीताच्या एका जाणकार मित्राला सांगितली तेव्हा तो पटकन म्हणाला, "ही तर फसवणूक झाली." त्याचे हे उत्तर मला मोलाचे वाटते, कारण एखाद्या कवीविषयी आपण असे कधीच म्हणत नाही. कवितेची पहिली ओळ सोमवारी सुचली आणि शेवटची सहा महिन्यांनी, म्हणून कविता खोटी ठरत नाही. कादंबरीकाराने मधली दोन प्रकरणे जुन्या खर्ड्यातून उचलली, तर त्याला आपण कारागिरी म्हणतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. त्याला आपण संस्करण म्हणतो आणि त्याबद्दल कृतज्ञ असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत एकत्र आलेला पाठ कोणत्याही एका हस्तलिखितात जसाच्या तसा नाही. मग वादकानेच काय घोडे मारले आहे? लेखकाला जो खाडाखोडीचा हक्क आपण न मागता देतो, तो गूल्डने वादकासाठी मागितला. वादकाला आपण मनातल्या मनात कसरतपटूसारखा धरून चालतो. दोर आहे, खाली खोली आहे, तोल सांभाळला तर वाहवा. गूल्डला दोरावर चालायचेच नव्हते. त्याला टेबलाशी बसायचे होते.

इथपर्यंत आले की आपले जुने द्वंद्व वेगळे दिसू लागते. एका बाजूला मैफल आणि दुसऱ्या बाजूला 'यांत्रिक' ध्वनिमुद्रण अशी विभागणी करून केसरबाईंची भैरवी आणि गूल्डचा फ्यूग आपण एकाच खणात टाकतो. पण ती साडेतीन मिनिटे कशी मुद्रित होत होती ते आठवून पाहा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचा तो काळ. ध्वनिफीत आली नव्हती. आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. तान अडखळली, तंबोरा उतरला किंवा तबलजीने सम चुकवली, तर कापण्या-जोडण्यासारखे काही हाती नसे; सबंध तबकडी नव्याने करायची. १९२१पासून अल्लादियाखाँची खडतर तालीम घेतलेल्या, तास तास राग मांडण्याचा दम असलेल्या गायिकेला घड्याळाच्या काट्यापुढे उभे राहून एका दमात सगळे सांगायचे होते आणि सांगितलेले परत घेता येणार नव्हते. याला मैफलीचा अभाव म्हणावे की मैफलीतला धोका दसपटीने वाढवलेली अवस्था म्हणावे? दुरुस्तीची सोय ज्याला आहे आणि ज्याला नाही, या दोघांमध्ये खरी सीमारेषा आहे. सभागृह आणि स्टुडिओ यांमधली रेषा त्यामानाने पुसट आहे. या सीमारेषेच्या अलीकडे केसरबाई मैफलीतही आहेत आणि तबकडीवरही. पलीकडे गूल्ड एकटा बसला आहे. १९७०नंतर तर तो टोरांटोतल्या ईटन नावाच्या जुन्या दुकानाच्या सातव्या मजल्यावरच्या सभागृहात, खुर्च्या रिकाम्या ठेवून, रात्री ध्वनिमुद्रण करीत असे. श्रोते वजा केलेले सभागृह. त्याची सगळी भूमिका त्या एका जागेत मावते.

आता प्रश्न असा की त्याने मागितलेला हक्क आपल्या गवयालाही द्यावा का? इथे माझी अडचण होते. गूल्डची कात्री चालते, कारण कात्रीखाली एक छापील संहिता आहे. गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १७४१ साली प्रसिद्ध झाल्या. सहावी आवृत्ती वाजवा की आठवी, बाखने लिहिलेले स्वर तेच राहतात, बदलते ते वाचन. दोन वाचनांची सांधेजोड करता येते. ख्यालात बंदिशीचे चार शब्द सोडले तर अशी आधीची संहिता नसते. गंधार कधी लावायचा हे त्याआधी रिषभावर किती रेंगाळलो यावर ठरते आणि रिषभावरचे रेंगाळणे त्या दिवशीच्या तंबोऱ्यावर, गळ्यावर, ठेक्याच्या वजनावर. बढतीला कार्यकारणभाव असतो. सोमवारच्या आलापीला गुरुवारच्या ताना जोडल्या तर कानाला सांधा कदाचित कळणारही नाही, पण ती माणसाच्या वाढत्या वयाच्या छायाचित्रांतून दोन वेगळ्या माणसांचे चेहरे जोडल्यासारखी गोष्ट होईल. चुकीचेही तसेच आहे. अनपेक्षित जागी पडलेला स्वर निभावून नेता नेता एखादी नवी जागा सापडते. ती जागा श्रोत्यालाही दिसते, कारण त्याने आधीची घसरण पाहिलेली असते. खोडून काढलेल्या चुकीबरोबर ती वाटही खोडली जाते.

आणि दादेचे काय? पाश्चात्त्य सभागृहात रचना संपेपर्यंत खोकलाही दाबायचा आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट करायचा. गूल्डचा राग त्या कडकडाटावर होता. आपल्या मैफलीत समेवर मान हलते, 'आहा' उमटते, ते गाण्याच्या आतच घडते. ती दाद गवयाला पुढची वाट दाखवते. ती त्याला बिघडवतेही, हे मान्य केले पाहिजे. टाळीसाठी केलेली तयारीची तान आणि निव्वळ सरगमची आतषबाजी ही दादेचीच अपत्ये आहेत. कुजबुजणाऱ्या, उठबस करणाऱ्या श्रोत्यांना भर मैफलीत खडसावणाऱ्या किशोरी आमोणकरांना गूल्ड कदाचित आपल्यापेक्षा जास्त समजला असता. तरीही २०२०च्या टाळेबंदीत, मोबाईल समोर ठेवून घरातल्या भिंतीकडे पाहत गाणारे गायक आपण ऐकले. विक्षेप नव्हता, टाळी नव्हती, आखाडाही नव्हता. समेवर येऊन गायक क्षणभर थांबत आणि समोरून काहीच येत नसे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे ते गूल्डला अभिप्रेत असलेले समाधान खासच नव्हते.

म्हणून मी परत जुन्या समजुतीकडे वळावे असेही नाही, कारण त्या विद्यार्थिनीचे वाक्य अजून उभेच आहे. अल्लादियाखाँसाहेबांचा विचार करा. जयपूर-अत्रौली गायकीचे हे मूळपुरुष १९४६पर्यंत हयात होते, त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात मुंबईत ध्वनिमुद्रणाचा धंदा जोरात होता आणि तरीही त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्याजवळ नाही. आपल्याजवळ आहे ते गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी लिहून ठेवलेले मराठी गद्य. ते गद्य सुंदर आहे. पेचदार, बळकट, अनवट ही विशेषणे वाचून आपण मान डोलावतो. पण ही विशेषणे आपल्याला कळतात ती केसरबाईंच्या, मोगूबाईंच्या, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तबकड्या कानांत असतात म्हणून. ज्या सावलीला आपण नावे ठेवतो तिच्याच उजेडात आपण हे गद्य वाचतो. खुद्द परंपरेलाही तबकडीचे वावडे नव्हते. अब्दुल करीमखाँची तबकडी ऐकून कोवळ्या वयात घर सोडल्याची हकीकत भीमसेन जोशी स्वतः सांगत. किराणा घराण्याच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग कुठल्या मैफलीत नव्हे, एका यंत्रासमोर घडला. 'मैफलच खरी' असे म्हणताना हे आपण सोयीस्कर विसरतो. विशेषतः आम्ही मास्तर मंडळी, ज्यांची रसिकता मुख्यतः कॅसेटवर आणि पुढे संगणकावर पोसली गेली.

गूल्डच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती कात्रीपेक्षा मोठी आहे. १९८१ साली, पहिल्या तबकडीनंतर सव्वीस वर्षांनी, त्याने त्याच गोल्डबर्ग व्हेरिएशन्स न्यूयॉर्कच्या त्याच स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या. एकदा केलेली रचना तो सहसा पुन्हा मुद्रित करत नसे. १९५५ची तबकडी साडेअडतीस मिनिटांत संपते, १९८१ची एक्कावन्न मिनिटांवर जाते. आरंभीचा आरिआ पहिल्या वेळी दोन मिनिटांच्या आत उरकला आहे. दुसऱ्या वेळी त्याला तीन मिनिटांहून अधिक लागतात. यातला थोडा फरक पुनरावृत्तींचा आहे, पण आरिआतला तसा नाही. तो निव्वळ वेगाचा आहे. तेच स्वर, इतके सावकाश की प्रत्येक स्वर आधी विचार करून मग बोलल्यासारखा. ही तबकडी बाजारात आली १९८२च्या सप्टेंबरात आणि ४ ऑक्टोबरला गूल्ड गेला. खाडाखोडीची ही दुसरी जात आहे. इथे पाते दोन आवृत्त्यांमध्ये चाललेले नाही, दोन वयांमध्ये चालले आहे. तरुण गूल्ड तबकडीवर जसाच्या तसा थांबून राहिला होता म्हणून प्रौढ गूल्डला त्याच्याशी मतभेद नोंदवता आला. मैफलीच्या स्मरणाशी असा मतभेद होत नाही. आठवणीतले गाणे आपल्याबरोबर म्हातारे होते, आणि सोयीनुसार चांगलेही.

पण मला विचाराल तर या दोन्हींहून मी अधिक वेळा ऐकतो ते तिसरेच ध्वनिमुद्रण. १९५९च्या ऑगस्टमध्ये साल्झबुर्गच्या महोत्सवात गूल्डने या व्हेरिएशन्स श्रोत्यांपुढे वाजवल्या होत्या आणि ते वादन मुद्रित झालेले आहे. त्यात सांधेजोड नाही. काही जागी बोटे घाईत आहेत. आणि काही जागी, विशेषतः संथ व्हेरिएशन्समध्ये, तो समोरच्या शांततेवर रेलून थांबतो. असे थांबणे मला स्टुडिओतल्या दोन्ही आवृत्त्यांत सापडत नाही. गूल्डने हे ऐकून नाक मुरडले असते याची मला खात्री आहे. मीही हे तबकडीवरूनच ऐकतो, त्यामुळे मैफलीच्या बाजूने विजयाची आरोळी ठोकण्याचा हक्क मला नाही.

आता तर त्याचे खर्डेही बाजारात आले आहेत. १९५५च्या ध्वनिमुद्रणातल्या सगळ्या टाकून दिलेल्या आवृत्त्या २०१७ साली आणि १९८१च्या २०२२ साली कंपनीने प्रसिद्ध केल्या. अर्धवट थांबलेली वादने, तंत्रज्ञांशी चाललेले बोलणे, सगळे त्यात आहे. प्रथम वाटले, हा अन्याय झाला. ज्याने निवडण्याच्या हक्कासाठी मंच सोडला, त्याने न निवडलेलेच आपण विकत घेऊन ऐकायचे. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या टोपलीतले कागद छापावेत की नाही यावर आपण परिसंवाद घेतो. इथे तर टोपली सुबक वेष्टनात आली. पण १९६६च्या त्या निबंधात गूल्डने आणखी एक कल्पना मांडून ठेवली आहे. पुढे श्रोताच घरबसल्या वेगवेगळ्या वादनांतले तुकडे निवडून आपल्या पसंतीची आवृत्ती जोडून घेईल आणि ते त्याने अवश्य करावे. म्हणजे तक्रार करायचा अधिकार ज्याला होता, त्याने ती आधीच निकालात काढली आहे.

त्या विद्यार्थिनीला मी १९५५ आणि १९८१चा आरिआ लागोपाठ ऐकवला आणि त्यानंतर केसरबाईंची भैरवी. तिने विचारले, "बाईंनी हीच भैरवी पुन्हा कधी गायली असेल, तेव्हा ती कशी झाली असेल?" मी टेंबे, वामनराव देशपांडे, पु. ल. अशी नावे सांगितली आणि ग्रंथालयातले कपाट दाखवले.